नऊ रंग आणि माझं कपाळ

सोमवार, पहिली माळ
आज पांढरा. वैशालीमॅडमनी यंदाही ऑफिसातल्या बायांचा देवीच्या नऊ रंगांचा ग्रुप केलाय. म्हणाल्या, "आज तुमी पण या फोटोत." पांढरा ना, विधवेला चालतो! हे जाऊन चार वर्षं झाली. केजच्या तहसीलला त्यांच्याच जागेवर लागले मी. असो. उभी राहिले, हसले पण.

मंगळवार, दुसरी माळ
लाल. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याची होती, नेसून गेले. मॅडमनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. "ताई, तुमीच काढा, तुमचा हात हलत न्हाई." मग कुंकू फिरलं, मला सोडून. देवीचं करायचं आन् बाईला वगळायचं, वा रे वा! रडू नाही आलं. राग आला, लई.

गुरुवार, चौथी माळ
पिवळा. झाडायला येणारी कांता रोज एकाच साडीत. तिलाही फोटोत कुणी बोलवत नाही. कीव आली. माझी जुनी पिवळी दिली, "ए कांता, नेस, फोटोत ये." तिनं घडी तशीच टेबलावर ठेवली. "बाई, मी उतरलेलं नेसत न्हाई." तोंड एवढंसं झालं माझं. हिला चांगुलपणा कळत नाही म्हणून दुपारभर धुसफुसले.

शुक्रवार
हिरवा. फोटो मी काढला.

मंगळवार, नववी माळ
गुलाबी. अकराला गेटातून "उदं ग आई, उदं!" बघते तर कांता. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, हातात परडी. ही देवीची आराधीण, आणि तीन वर्षांत मला पत्ता नाही! टेबलाटेबलाला जोगवा मागत फिरली. साहेबांनी बूट काढले. मॅडमसुद्धा वाकल्या. एकेकीला परडीतलं कुंकू लावत होती, म्हणून मी रेकॉर्ड रूममध्ये सटकले. मागोमाग आलीच.
"जोगवा वाढ, माय."
डब्यातला राजगिऱ्याचा लाडू परडीत टाकला. तिचा अंगठा माझ्या कपाळाकडं.
"मला चालत न्हाई."
"आई म्हणली का तुला तसं?"
लावलंच. बरं वाटलं. लई बरं वाटलं. पाया पडले तिच्या.
फोटोच्या वेळी मॅडम माझ्या कपाळाकडं बघतच राहिल्या. कुणी या म्हणालं नाही, फोनही कुणी हातात दिला नाही.
घरी सासूबाईंनी बघितलं, पदर सारखा केला, चहा ठेवला.

बुधवार
अंघोळीत कुंकू गेलं. देव्हाऱ्यातल्या डबीपर्यंत हात गेला, माघारी आला. शेवटी डबीच पर्समध्ये टाकली आणि निघाले.
ऑफिसात कांता, तीच साडी, तोच झाडू. "ए कांता" तोंडातून निघेना.
"कांताताई, चहा घेता?"
"काय बाई, आज अहोजाहो?" हसली. मग माझ्या कपाळाकडं बघितलं. मोकळं. "पाय वर घ्या," म्हणाली आणि टेबलाखालून झाडू फिरवला.
यंदा एक माळ वाढली, म्हणून दसरा उद्या. तिच्या घरी सोनं द्यायला जाणार आहे, लाल नेसून. डबी पर्समध्येच आहे. अजून उघडली नाही.