दादाच्या पंपाचे अठ्ठावीस दिवस

२१ जानेवारी
दादा घरी आला! नऊ दिवस हॉस्पिटलात झाले, बाकीचे आता घरीच. खांद्याला काळी बॅग, बॅगेत पंप, पंपातून नळी थेट छातीतल्या नसेत. चोवीस तास थेंब थेंब, एकूण अठ्ठावीस दिवस. रक्ताचा कॅन्सर — केमो झाली तरी थोड्या पेशी उरल्याच. त्या पूर्ण गेल्या तरच ट्रान्सप्लांट — दुसऱ्याच्या हाडातला मगज, म्हणजे मॅरो, दादाला. दिपालीवहिनी फर्स्ट शिफ्टला जाते, म्हणून दिवसा दादाजवळ मी.

सिस्टर म्हणाल्या, ही केमो नाही, अँटीबॉडी. एका हातानं ती वाईट पेशी धरते, दुसऱ्या हातानं आपलीच शिपाई पेशी, आणि दोघींना भिडवते. दादा म्हणाला, "म्हंजे जत्रंतल्या कुस्त्याच की. ही नुस्ती जोड लावून देती."

२२ जानेवारी
या औषधाचा मेंदूला त्रास झाला तर म्हणे आधी अक्षर बिघडतं. म्हणून दादानं रोज वहीत एक ओळ लिहायची, मी फोटो काढून सिस्टरला पाठवायचा. काल लिहिलं, 'माझे नाव रविराज.' आज — 'नवनाथने इंद्रायणीत मासा म्हणून चप्पल पकडली.' खोटं! चप्पल मी नाही, दादानंच पकडली होती. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी हे लिहितोय.

२४ जानेवारी
आजची ओळ: 'शाळा बुडवून राजगुरुनगर, डबलसीट.' मी दहाचा, तो पंधराचा. चढ आला तरी मी सायकलवरून उतरायचो नाही, हा उभा राहून पेडल मारायचा. चाकणच्या पुढं दोन्ही बाजूंना तेव्हा कांदा. आता शेडच शेड. वास आठवतो अजून. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "डोकं कुणाचं हे?" दादा म्हणाला, "माझं." डोकं माझं होतं, मार त्यानं खाल्ला.

२५ जानेवारी
ताप नाही. अक्षर माझ्यापेक्षा बरं!

२७ जानेवारी
हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

सकाळी साडेआठला पंप वाजायला लागला. दादा झोपलेला. मी तळवड्याला पत्र्याच्या प्रेस मशीनवर होतो — चार महिने, एका कंपनीत टिकल्याचा माझा रेकॉर्ड — तिथं अलार्म वाजला की आधी बटण, मग बघू. लाइन थांबता कामा नये. हात गेलाच. परत वाजला, मग दाबूनच धरलं. शांत झालं. दूध आणायला खाली उतरलो. चौकात भलंमोठं मशीन घेऊन ट्रेलर वळणावर अडकलेला. मागं घे, डावी मार — घुसलोच मी मध्ये. ड्रायव्हर म्हणाला, "चाकणपर्यंत चल ना भावा, रस्ता दाखव." गेलो! त्या केबिनमधून काय दिसतं राव...

परत आलो तर दीड. नळीला पीळ, पंप बंद. पाच तास! चारच्या वर गेलं की घरी सुरू करता येत नाही. पुन्हा अ‍ॅडमिट.

डॉक्टर चिडले, "बंद कुणी केला?"

दादा म्हणाला, "मीच, सर. बारा वर्षं सीएनसी मशीनवर काढली. हाताला सवय हाय."

मी बॅगेची चेन लावली.

२९ जानेवारी
पंप परत सुरू झाल्यापासून थंडी, ताप. अक्षर हललंय. आजची ओळ: 'ट्रेलर केवढा होता?'

३१ जानेवारी
ताप उतरला. घरी. संडासलासुद्धा त्याला विचारून जातो. तो हसतो.

१० फेब्रुवारी
बॅग निघाली. दादा दोन्ही हात वर करून नुसताच उभा राहिला. उद्या मॅरो काढून तपासणार. माझंही रक्त नेलं — मॅरो द्यायला आधी सख्खा भाऊ बघतात. जुळू दे. मग त्या पाच तासांची थोडी तरी भरपाई होईल.

१८ फेब्रुवारी
मॅरो साफ! एकही पेशी नाही. माझा रिपोर्टही आला — जुळत नाही. अर्धासुद्धा नाही. दुसरा कुणी सापडेपर्यंत सोमवारपासून परत बॅग. दादाला म्हणालो, "एवढं एक देणार होतो तुला, तेही नाही." तो म्हणाला, "दिपालीला सांगून टाकलं मी. पंप कुणी बंद केलता, ते बी. ती म्हणली, तरी दिवसा घरी नवनाथच पायजे."