आशूच्या तोंडी सुनीलचं नाव

८ नोव्हें., शनिवार
आज सकाळी आशूला मी स्वतः आंघोळ घातली. सोळा वर्षांचा पोरगा, पण लहानपणी बसायचा तसाच गुपचूप बसला. मग मी, ही आणि आशू, तिघं जामसांवलीच्या मारुतीला. जीपमध्ये एका म्हातारीनं विचारलं, पोराला काय झालं. हिनं हळूच सांगितलं, दिवेलागणीला त्याच्या अंगात येतं. मागून एक जण म्हणाला, "आमच्या बुढ्याच्या अंगात तं रोजच येते मावशी, दारूच्या ठेक्यावरून निंगाला का." सगळी जीप हसली. मीही हसलो, मग लाज वाटली.
मारुतीपुढं बसून एकच मागितलं. सुनीलला माझ्या पोरापासून दूर कर.
आशू दिवसभर शांत. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. देवाची कृपा.

११ नोव्हें., मंगळवार
पुन्हा तेच. संत्र्याच्या बगिच्यातून आला तो डोळे लाल, जीभ जड, एकटाच हसत होता.
पोळ्यानंतर पहिल्यांदा असं झालं तेव्हा, आपल्याकडं विचारतात तसं, मीच विचारलं होतं. कोण आहेस, नाव सांग. तो म्हणाला, "मी सुनील." शेजारच्या कुसुमवहिनींचा मोठा मुलगा, आशूचा जोडीदार. पोळ्याच्या आठवड्यात आमच्याच बगिच्यातल्या विहिरीत बुडून गेला. पाय घसरला म्हणाले सगळे.
तेव्हापासून वहिनी रोज दिवेलागणीला येतात. आज शिरा करून आणला, आशूला भरवला. विचारलं, "थंडी वाजते का रे बापू तुले, पाण्यात?"
आशू म्हणाला, "हो."
त्या घरी गेल्या, सुनीलचं स्वेटर आणलं, त्याला घातलं. बाह्या आखूड होतात.

१३ नोव्हें., गुरुवार
संत्र्याच्या तोडीला माणसं आलेली, पण काम टाकून सौंसरचा दवाखाना गाठला. आशूला सकाळपासून उलट्या. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या ओठांभोवतीची पुरळ पाहिली, सदऱ्याची बाही नाकाशी धरली. हा वास कशाचा? मी म्हणालो, सायकलचा असेल, पंक्चर स्वतःच जोडतो. कौतुकानं म्हणालो.
त्यांनी आशूला विचारलं, फडक्यावर घेतोस की पिशवीत?
तो म्हणाला, पिशवीत.
पंक्चरचं सोल्युशन. पिशवीत ओतून हुंगतात. भास होतात, तोल जातो, एखाद्या वेळी हृदयच थांबतं. बाई म्हणाल्या, मारू नका, एकटं सोडू नका, नागपूरच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. मी नुसता मान हलवत होतो. मधल्या सगळ्या संध्याकाळी आठवत होत्या, एकेक.

१४ नोव्हें., शुक्रवार
आज आशू बोलला. विचारलं, मग सुनीलचं काय?
"तुमी म्हणले नाव सांग. मले तवा तोच दिसून रायला होता, बाबा. सांगतलं. मंग काकू आल्या, रडल्या, माह्या पाया पडल्या. त्याच्यानंतर कसं सांगू, मी आशू आहो म्हणून?"
तो आणि सुनील विहिरीकाठी, पंपाच्या मोटारीच्या खोलीत बसायचे. त्या दिवशीही बसले होते. सुनील हसत उठला, म्हणाला पाण्यात लाइट दिसून रायले, आणि गेला. आशूला उठता आलं नाही. पाण्यात पडल्याचा आवाज ऐकला, पण खरा की भास ते आजही त्याला…
पुढं लिहवत नाही.
एक मात्र लिहिलं पाहिजे. बंटीही येतो तिथं. सुनीलचा धाकटा, आठवीतला. आशू म्हणाला, "त्याले वाटते, पिशवी घेतली का सुनीलभाऊ भेटते. मले भेटते ना, म्हणून."

१६ नोव्हें., रविवार
मोटारीच्या खोलीला कुलूप घातलं. पोरांना जागा काय कमी आहेत.
वहिनींना सांगायचं म्हणालो तर ही म्हणाली, "तिचं पोरगं दुसऱ्यांदा काऊन मारता?"
दिवेलागणीला वहिनी आल्या. आशू तीन दिवसांपासून पूर्ण शुद्धीत. त्या बसून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आज नाही आला का तो?"
आशूनं माझ्याकडं पाहिलं. मी नजर वळवली. मग तो म्हणाला, "आलो ना, माय."
शुद्धीत म्हणाला. मी उठून बाहेर आलो.

१८ नोव्हें., मंगळवार
आशूला हिच्यापाशी ठेवून जामसांवलीला एकटा. गेल्या खेपेला मी सुनीलला हाकलून दे म्हणून बसलो होतो. त्या लेकरानं माझं काय बिघडवलं होतं? आज काही मागता येईना. चालीसा दोनदा मध्येच तुटली. डोळे मिटले की मोटारीची खोली दिसते, आणि दोघं हसत असतात.
येताना लोधीखेड्याच्या स्टँडवर बंटी दिसला, शाळेच्या वेळेला, सायकलच्या दुकानापुढं. हाक मारली. "काका, चाकात हवा भरून रायलो," म्हणाला.
सायकल नव्हती त्याच्याजवळ.

२० नोव्हें., गुरुवार
आशूला घेऊन नागपूर. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, पुन्हा पुन्हा यावं लागेल, मध्ये घसरेलही, तेव्हा धीर सोडू नका. परतीच्या गाडीत आशू खिडकीकडं तोंड करून म्हणाला, "काकूले तुमीच सांगा. माह्याच्यानं नाही होत."
बरं म्हणालो. आणि घरी आल्यावर त्यांच्या दारावरून तसाच पुढं गेलो.

२२ नोव्हें., शनिवार
सांगितलं.
देवाला हात जोडले आणि सरळ त्यांच्या अंगणात गेलो. वहिनी तूर निवडत होत्या. उभ्यानंच सगळं सांगितलं, खोली, पिशवी, विहीर. सुपातला हात चालूच होता.
मग म्हणाल्या, "इतके दिवस माह्याशी कोण बोललं, भाऊजी?"
"आशू."
"अन् सुनील?"
"नाही, वहिनी. एकदाबी नाही."
त्यांनी वर पाहिलं नाही. मला परत फिरावंसं वाटलं. बंटीचं राहिलं होतं, तेही सांगितलं. तेव्हा हात थांबला.
त्यांनी बंटीला हाक मारली. तो आला. त्याचे दोन्ही तळवे ओढून नाकाशी धरले. तो म्हणत होता, काय झालं, माय, सोड ना. हात सोडवत होता. वहिनींनी हात सोडले नाहीत.