फ्रिजच्या दारातली बाटली

सेक्टर ११, कामोठे
मंगळवार, दुपार

ती. शालनआक्का यांना,

जयप्रकाशचा नमस्कार. पत्राच्या वर 'श्री' घालायचा की नाही हे मला कळलं नाही. तुमच्या बहिणीचं, सुनयनाचं, वर्ष पुरं व्हायला अजून चार महिने आहेत. म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे, तुमच्याकडच्या रीतीप्रमाणे समजून घ्या. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. काळा चष्मा सांगितला आहे तितके दिवस लावा (तुम्ही लावणार नाही, सुनयना असती तर रागावली असती, मी नुसतं लिहितो). अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. अण्णांना नमस्कार. दिवाळीला पाठवलेला फराळ पोचला. यंदा आमच्याकडे कढई चढवायची नाही म्हणून बिल्डिंगमधल्या नऊ घरांनीही डबे आणून दिले. ज्या वर्षी दिवाळी नाही त्याच वर्षी घरात सगळ्यांत जास्त चकल्या आहेत.

फोन न करता पत्र लिहितो, कारण फोनवर मला एवढं बोलता येत नाही. मेसेज लिहावा तर माझं व्हॉट्सॲप क्षिप्राच्या लॅपटॉपवरही उघडतं (तिनेच जोडून दिलं आहे, मला फोटो नीट दिसावेत म्हणून). तिला कंपनीने बडोद्याला ट्रेनिंगसाठी पाठवलं आहे. पुढच्या शनिवारी परत येईल. त्याच्या आत तुमच्या कानावर घालतो, की तिच्या आईने तिच्यासाठी केलेलं आणि तिने आठ महिने जपून ठेवलेलं चेहऱ्याचं पाणी माझ्या हातून गेलं. सगळं गेलं, थेंबही उरला नाही.

हे पाणी तुम्हाला माहीत आहे. दुकानात त्याला फेस मिस्ट म्हणतात, आमच्या घरी त्याला 'क्षिप्राचं पाणी' म्हणत. तळोज्याच्या लॅबमध्ये लागल्यापासून तिचा चेहरा कोरडा पडायचा, गालांवर पापुद्रे निघायचे. दिवसभर एसी, आणि बाहेर पडलं की तळोज्याची कारखान्यांची हवा. मग सुनयना दर पंधरा दिवसांनी काकडी, कोरफड, गुलाबपाणी आणि ग्लिसरीन यांचं काहीतरी करून एका काचेच्या स्प्रेच्या बाटलीत भरून फ्रिजच्या दारात ठेवायची. शेवटची बाटली फेब्रुवारीच्या अखेरीची. सुनयना गेली तेव्हा त्यात दोन बोटं पाणी उरलं होतं. क्षिप्राने ते वापरलं नाही, टाकलं नाही, त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. (आईबद्दलही बोलत नाही. आम्ही दोघं जेवताना गॅस सिलिंडर, पाण्याची वेळ आणि मेट्रो यांवर बोलतो.) मी रोज सकाळी दूध काढताना बघायचो, दोन बोटं जागेवर. तिचे गाल मात्र पुन्हा तडकायला लागले होते. मला वाटलं, आपण नवीन करून दिलं तर पोरगी वापरेल.

आता तुम्ही म्हणाल, मला का नाही विचारलं. जूनमध्ये फोनवर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, त्यात काय विचारायचं, अंदाजानं घालायचं. आक्का, मी बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात काढली. दुकानदाराने अंदाजानं घातलं की त्याच्यावर खटला भरायचा हे माझं काम होतं. सुनयनाला मी एकदा वहीत प्रमाण लिहून ठेव म्हटलं होतं, तर तिने लिहिलं, 'काकडी लहान, कोरफड बोटभर, बाकी बेताचं.' कोणाच्या बोटाएवढी हे लिहिलेलं नाही. मी माझं बोट फुटपट्टीने मोजलं आणि सुनयनाचं आठवून दीड सेंटिमीटर कमी धरलं.

सुरुवात गुलाबपाण्यापासून केली. स्टेशनजवळच्या दुकानात गेलो, तर तो म्हणाला, "काका, देवासाठी की तोंडासाठी?" तोंडासाठी म्हणायचा मला संकोच वाटला. दुकानात बायका उभ्या होत्या, आणि बायको जाऊन वर्ष न झालेला माणूस तोंडासाठी गुलाबपाणी घेतो हे बरं दिसलं नसतं. मी देवासाठी म्हणालो. घरी येऊन पाहिलं तर पाणी लालसर, त्यावर बारीक अक्षरात 'फक्त पूजेसाठी'. एवढ्या बारीक अक्षरावर मी नोकरीत नोटीस काढली असती. ते तसंच देव्हाऱ्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी खारघरला जाऊन, जिथे मला कोणी ओळखत नाही, तिथून तोंडासाठी आणलं.

कोरफडीचं दुःख वेगळंच आहे. सुनयनाची गॅलरीतली कुंडी माझ्याकडे आली होती. मी तिला रोज सकाळी मापाने अर्धा लिटर पाणी घातलं, एक दिवस चुकवला नाही. ती मे महिन्यात सडली. कोरफडीला पाणी लागतच नाही, हे मला कुंडी रिकामी झाल्यावर गोजराने सांगितलं (गोजरा म्हणजे आमच्याकडे भांडी-लादी करते ती, तुमच्याच बाजूची, दहिवडीची). मग गेल्या आठवड्यात सुरी घेऊन खाली सोसायटीच्या बागेत गेलो. वाकलो, पान धरलं, आणि मागून सेक्रेटरी हौसेराव म्हणाले, "साहेब, पाटी वाचली नाही का? अक्षर तर तुमचंच आहे." झाडं तोडू नयेत ही पाटी माझ्याकडूनच रंगवून घेतली होती. मी उभा राहिलो, हातात सुरी. खोटं सुचलं नाही, म्हणून सांगितलं, मुलीसाठी पाहिजे, तिची आई करायची. हौसेरावांनी पाटीकडे पाहिलं. मग स्वतः चप्पल काढून वाफ्यात उतरले आणि सगळ्यांत जाड पान निवडून दिलं. जाताना म्हणाले, "उभं करून ठेवा हां, पिवळा चीक गळू द्या आधी. नाहीतर खाजवत बसाल."

किती वेळ गळू द्यायचा ते सांगितलं नाही. मी पाच मिनिटं धरली.

पहिलं पाणी क्षिप्राच्या आधी स्वतःच्या तोंडावर मारून पाहावं, असं ठरवलं. दहा मिनिटांत कानापर्यंत खाज सुटली आणि दोन्ही गाल लाल झाले. गोजरा आली, दारातच थांबली. "काका, रंगपंचमी यंदा लवकर आली व्हय?" म्हणाली. मग जवळ येऊन बघितलं आणि तोंड धुवायला लावलं. "बाईंनी कंदी दोन तास गळू दिल्याबिगर कोरफड आत घेतली न्हाई," हेही सांगितलं. म्हणजे हिला सगळं माहीत होतं. मी आठ महिने फुटपट्टी लावत बसलो आणि बघणारं माणूस रोज अकराला घरात येत होतं. पण तिलाही ग्लिसरीन किती ते माहीत नव्हतं, त्या वेळी ती लादीवर असायची.

दुसऱ्या खेपेला काकडी कडू निघाली (टोक कापून घासायचं राहिलं). तिसऱ्या खेपेला चहाच्या गाळणीने गाळलं, तर पाण्याला चहाचा वास. चौथ्याला ग्लिसरीन जास्त झालं, चेहऱ्यावर माशी बसली ती सुटेना. पाचवं बरं झालं. दिसायला तिच्यासारखंच, पण वास तो नाही. काय कमी आहे ते मला अजून सांगता येत नाही.

इथे मी ते केलं. सुनयना गेल्यावर मी घरात एकच गोष्ट नीट शिकलो आहे, ती म्हणजे दही लावणं. कालच्यातलं चमचाभर आजच्या दुधात घातलं की सगळं तसंच होतं. मला वाटलं, तिच्या पाण्यातलं चमचाभर माझ्या पाण्यात घातलं तर तेही तसंच होईल. रविवारी संध्याकाळी बाटली उघडली आणि एक चमचा घातला. वासात फरक पडेना. मग आठवलं, थंडीत विरजण जास्त लागतं. दुसरा घातला. मग उरलेलं थोडंसं बाटलीत ठेवून काय उपयोग, म्हणून सगळंच घातलं. पातेल्यावर झाकण ठेवलं, टॉवेल गुंडाळला आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं.

सोमवारी सकाळी उघडलं तर वर हिरवा चोथा, खाली गढूळ पाणी, आणि वास आंबलेला. गोजराने विचारलं, "काका, ताक नासलंय जणू, वतू का?" मी नको म्हणालो. पण तोवर तिने रिकामी बाटली घासून ओट्यावर पालथी घातली होती. तिचा दोष नाही, बाटली रिकामीच होती. मी खुर्ची ओढून तिथेच बसलो. तीही खाली बसली, आणि मग एक चकली खाऊन गेली.

क्षिप्रा आल्यावर फ्रिज उघडेल. मी तिला काय सांगू, हे मला समजत नाही. तुमच्याकडून काही मागायचं म्हणून हे लिहीत नाही, कोणाला तरी सांगणं भाग होतं एवढंच. डोळ्याला जपा. अण्णांना गार वाऱ्यात बसू देऊ नका.

आपला,
जयप्रकाश

ता. क. काही मागायचं नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. सुनयनाने तुम्हाला हे पाणी शिकवलं होतं आणि तुमचा हात तिच्यासारखाच आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत थोडंसं करून एस.टी.ने पाठवाल का? बाटलीत दोन बोटं भरेल इतकंच, जास्त नको, जास्त झालं तर तिला कळेल. जन्मभर मी भेसळ पकडली आणि आता तुमच्याकडे भेसळच मागतो आहे. माफ करा.

ता. क. २. बुधवार सकाळ. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो. क्षिप्रा काल संध्याकाळीच आली, ट्रेनिंग लवकर आटोपलं. आल्या आल्या पाणी प्यायला फ्रिज उघडला. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो. "बाबा, बाटली कुठंय?" मी सगळं सांगितलं, डब्यातल्या तांदळापर्यंत. ती बराच वेळ फ्रिजचं दार तसंच उघडं धरून उभी होती. मग म्हणाली, "आईचं एप्रिलमध्येच खराब झालं, बाबा. मी टाकलं. नंतर बाटलीत होतं ते फिल्टरचं पाणी." मी विचारलं, मग ठेवलं कशाला? तर म्हणाली, "तुम्ही रोज सकाळी आधी तिकडे बघायचात. एकदा बाटली भाज्यांमागे गेली तर अख्खा फ्रिज रिकामा केलात. मी काय करणार होते?"

नंतर ती माझ्या खुर्चीशेजारी लादीवर बसून रडली. मार्चपासून पहिल्यांदाच. मला कुठे हात ठेवावा कळेना, शेवटी डोक्यावर ठेवला. मग माझ्या पाचव्या खेपेचं, विरजण न लावलेलं, वाटीभर उरलं होतं, ते तिने गालाला लावलं. वास चुकलाय, पण आग होत नाही, असं म्हणाली.

तेव्हा आक्का, पाणी पाठवू नका, आता फसवायला कोणी राहिलं नाही. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली की दोघं कामोठ्याला या. आणि तुम्ही अजून ते करत असाल, तर निघायच्या सकाळी चेहऱ्याला लावून या. तो वास येत राहील तोवर आम्ही तुमच्याशेजारी बसू.