बुबुळाचा रंग

आये, तुला नि दिशाला जयभीम.

फोनवर तू रडतेस, मग मला बोलवत नाही, म्हणून लिहितोय. दिशा वाचून दाखवील. अक्षर वाकडंतिकडं आलंय, तिला म्हणावं हसू नको.

मुंबईत जेवणखाण बरं चाललंय. कारखान्यात ॲसिड उडून गेलेल्या डाव्या डोळ्याच्या जागी नकली डोळा बसवतील. माप झालं. इथल्या इस्पितळात नकली डोळे बनवणाऱ्या बाई समोर बसून माझ्या उजव्या डोळ्यात बघत बघत नकली डोळ्याचं बुबुळ रंगवतात. अगदी हुबेहूब! सोमवारी अर्धं झालं होतं, तेव्हा रंग बरोबर जुळत होता.

काल ते उजव्या डोळ्याशी धरलं, तर रंग जुळेना. बाईंनी मला खिडकीपाशी नेलं, बराच वेळ बघितलं, आणि ब्रश ठेवून डॉक्टरांना बोलावलं. काळजीचं काही नसेल. तपासण्या चालल्यायत. उजेड जरा टोचतो, एवढंच.

तुझा गुडघा कसा आहे? कलमांना मोहोर धरला का?

एक काम कर. नोकरीला लागलो तेव्हाचा माझा मोठा रंगीत फोटो भिंतीवरून काढ आणि रूपेशमामा येईल त्याच्याबरोबर पाठव. माझ्याकडे बघून रंगवायचं बाईंनी थांबवलंय.

तुझा,
अमरदीप