शकूनं मले भाऊ म्हणलं

१२ नोव्हें.
ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मोर काढला. दुपारीच घरी आलो. शकू ओसरीत बसून हायवेकडे पाहून राह्यलती. जेवण परवापासून धड नाही. ताप म्हणावा तर अंग गारच. खोकला जरासा. थंडी लागली म्हणते.

१३ नोव्हें.
सकाळी उन्हात बसलीती. पाणी नेऊन दिलं तर पदर सावरला अन् म्हणे, "बसा भाऊ. आमचे मालक दुकानात गेले, येतीन आता."
मले वाटलं मजाक, तिचा नवरा तर मीच. हसलो. ती नाही हसली.
नागपूरले मीनाले फोन केला. लेक म्हणे, बाबा, आईचं वय झालं, असं होते. सुट्टी काढून येते, मेंदूच्या डॉक्टरले दाखवू.
परत जाऊन शकूजवळ बसलो. ऊन पातळ पिवळं, जसं रंगात टर्पेंटाइन जास्त झालं. का विचारलं माहीत नाही, पण विचारलं, "कसे हायत तुमचे मालक?"
म्हणे, "बोलत नाईत. पन हात धुता धुता गुणगुणतात. मी डोळे मिटून पडते, झोपली असं दाखवते. नाईतर थांबतीन ना ते."
मी गुणगुणतो? मले कधी समजलंच नाही.
अजून ऐकत बसलो असतो. पण शब्दाशब्दाच्या मधात तिले थांबा लागे. बसल्या जागी धाप. नाकपुड्या फुलत. ऑटो बोलावला.

१३, सायंकाळ. दवाखाना.
डॉक्टर बाई लहान वयाच्या. विसरणं कधीपासून, विचारलं. मी म्हणलं, परवा तर शेजारच्या सुनेले स्वेटरचे टाके शिकवत होती.
"मग हे वय नाही, काका. दोन दिवसांत आलेला भ्रम म्हणजे आत काहीतरी आजार आहे."
घड्याळ धरून उगाच छातीकडे पाहत राह्यल्या. श्वास मोजत होत्या म्हणे. बोटाले चिमटा लावला, ऑक्सिजन कमी. पाठीवर नळी ठेवून लांब श्वास घ्यायले लावला, उजवीकडं खाली पुन्हा पुन्हा ऐकलं. वाळल्या पानावर चालल्यासारखा आवाज येतो, म्हणल्या. मग छातीचा फोटो. उजव्या फुप्फुसाच्या बुडाशी पांढरं, धुकं उतरावं तसं.
न्युमोनिया, म्हणल्या. उतारवयात ताप येतोच असं नाही, कधी नुसतं माणूस हरवते.
गोळ्या घेऊन घरी नेऊ का, विचारलं. नाही म्हणल्या. वय, भ्रम अन् असा श्वास, तिन्ही एकत्र असलं की भरतीच करा लागते.

१५ नोव्हें.
ऑक्सिजनची नळी नाकात. बाटलीतलं पाणी बुडबुड करते. ऐकता ऐकता मलेच डुलकी येते, वाटते नदीत बसलो हावो.
नर्स रोज नाव, गाव, महिना विचारते. शकूनं नाव बरोबर सांगतलं. गाव मात्र झरीकडचं, माहेरचं.
मले म्हणे, "भाऊ, घरी जा. बायको वाट पाहत असन तुमची."
हो, म्हणलं. बाहेर कडुनिंबाखाली थोडा बसलो. मग आत आलो. तिनं पुन्हा नव्यानं बसा म्हणलं.

१७
सकाळी डोळे उघडले. बराच वेळ मले पाहत होती. "दाढी काहून नाई केली?"
नागपूरहून आलेली मीना रडली. मी बाहेर गेलो, उगाच.

२०
घरी. भिंत धरून चालते. डॉक्टर म्हणल्या, माणूस आधी बरा होते, फोटोतला डाग मागून जाते. दीड महिन्यानं पुन्हा फोटो. तवाही राह्यला तर आत दुसरं काही आहे का पाहा लागेल. शकूले अर्धंच सांगतलं.

२३
दुपारी खाटेवर पडली होती. विचारे, "मीना म्हणते, मी कोन्या भाऊशी बोलत होती. कोन होता?"
होता एक, म्हणलं. येऊन बसत जाय.
"काय बोलत होती मी?"
"असंच. घरचं."
छताकडे पाहत राह्यली. मले वाटलं झोपली.
"मले थोडा थोडा आठवते तो," म्हणे. "कोनी इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं माह्यं."
मी उठून हात धुवाले लागलो. तिनं डोळे मिटले. खरंच झोपली की काय, समजत नाही.