पाचशेचा पांढरा डबा

अखंडितवेगअलंकृत राजमान्य राजश्री मेहुणेबुवा यांस, अकरावर अडकून सुटलेल्या दाजीचे भरघोस आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. तुझ्या ताईचा आवाज मधे चार दिवस बसला होता (का, ते पुढे येईलच), तुझ्या मातोश्रींचे गुडघे त्यांच्या मर्जीप्रमाणे चालतात आणि माझं चष्म्याचं दुकान लोकांच्या कृपेने, म्हणजे लोकांना कमी दिसतं या कृपेने, बरं चाललं आहे. तुझी प्रकृती उत्तमच असणार. दुसऱ्याच्या घरात सल्ला सोडून आपल्या घरी निवांत बसणाऱ्या माणसाची प्रकृती बिघडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

महिन्यापूर्वी तू मला फोनवर विचारलंस, "दाजी, नेटच्या वेगात अजून शंभरवरच आहात?" ज्या सुरात लोक "अजून जमलं नाही का कुठे?" असं विचारतात, त्या सुरात. वास्तविक त्या शंभरात आमचा संसार सुखाने चालला होता. ताईचे नकाशे उघडत होते, मातोश्रींच्या मालिकांतल्या सुना वेळेवर रडत होत्या, मला जुने सामने दिसत होते. पण ताईची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठीची मुलाखत ऑनलाइन होणार होती. बावीस वर्षं भूगोल शिकवल्यावर तिने पहिल्यांदाच अर्ज केला होता. ऐन मुलाखतीत चित्र अडकलं तर ताईची बढतीही अडकेल, असं तू म्हणालास आणि मी घाबरून पाचशेचा वेग घेतला. एक माणूस आला आणि चार शिंगांचा पांढरा डबा भिंतीवर ठोकून गेला. जुना काळा डबा मी भंगारात देणार होतो, तेवढ्यात तुझा निरोप आला: टाकू नका, आतल्या खोलीत लावा, कोपऱ्यातही रेंज मिळेल. तुझा शब्द म्हणजे आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ. लावला.

त्या दिवसापासून आमचा वेग अकरा झाला. पाचशेतले अकरा! वेग मोजायचं ते अॅप मी दिवसातून वीसदा उघडत असे. काटा उठायचा, आळस द्यायचा आणि अकरावर येऊन टेकायचा (सरकारी कार्यालयात अकराला येणारे लोक मी पाहिले आहेत, पण निदान ते पुढे एकपर्यंत तरी जातात).

मग तक्रार. माझा फोन त्यांच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा असल्याचं एका गोड आवाजाने मला पस्तीस मिनिटं सांगितलं. त्यानंतर जिवंत बाई आल्या. डबा बंद करून पुन्हा चालू केलात का, असं त्यांनी विचारलं. केला. पुन्हा करा म्हणाल्या. पुन्हा केला, तर फोनच तुटला, कारण मी नेटवरूनच बोलत होतो. दुसऱ्या दिवशी संदेश आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. समाधान कोणाचं, ते लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा शिडीवाला आला. त्याने स्वतःचा लॅपटॉप स्वतःच्या वायरने पांढऱ्या डब्याला जोडला आणि पडदा माझ्या नाकासमोर धरला. चारशे नव्वद. "इथपर्यंत आमचं बरोबर आहे काका. पुढचं तुमच्या घरातलं." म्हणजे काय, विचारलं तर म्हणाला, तुमच्या भिंती जाड आहेत. अरे, भिंती काय आम्ही मागच्या मंगळवारी जाड केल्या? पण शिडी वापरावी लागली नाही म्हणून तो इतका खूश होता की वाद घालायला माझ्या जिवावर आलं.

मग घरगुती उपाय. पांढरा डबा कपाटावर ठेवला, शब्दकोशांच्या चळतीवर ठेवला, खिडकीत ठेवला. चारही शिंगं चार दिशांना केली, मग जोडीजोडीने केली. मातोश्रींना सोफ्यावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पुन्हा सोफ्यावर हलवलं. त्या पहिल्या दिवसापासून एकच सांगत होत्या, "जावईबापू, हवेत काय शोधताय? तार बघा, तार." (मी मान डोलावत होतो. सासूबाईंसमोर डोलवायला मी वेगळी मान ठेवलेली आहे.) इकडे ताई मैत्रिणीशी रंगीत तालीम करायला बसली. ही म्हणे "शिस्त", तिकडे ऐकू येई "स्त". ही आणखी मोठ्याने ओरडे. बुधवारी संध्याकाळी तालीम संपली तेव्हा ताईचा आवाज गेला होता. ती स्वयंपाकघरात जाऊन कोरडी भांडी पुन्हा पुसत बसली. बाबा रे, तेव्हा मात्र मला चेष्टा सुचली नाही.

गुरुवारी अकराला मुलाखत. दहा वाजता काटा नऊवर होता. मी लॅपटॉप काखेत मारला आणि ताईला घेऊन दोन गल्ल्या पलीकडे दुकानात पळालो. तिथलं नेट इतकं जुनं आहे की त्याचा वेग विचारायची मला लाज वाटते, पण चालतं. दारावर पाटी लावली आणि ताईला डोळे तपासायच्या खोलीत, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. तिच्या मागे भिंतीवर अक्षरांचा तक्ता. तो काढायला वेळ नव्हता.

चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ (ताईचा घोगरा, पण मुख्याध्यापिकेला तो शोभतो). मी दाराआड सुटकेचा निश्वास टाकतो न टाकतो, तोच लक्षात आलं की ताई खाली चालली आहे. त्या खुर्चीच्या दट्ट्यातून हवा गळते. गिऱ्हाइकाचं काम दहा मिनिटांत उरकतं, म्हणून मी कधी दुरुस्त केली नव्हती. मुलाखत पाऊण तासाची. विद्यार्थ्यांची गळती कशी थांबवाल, या प्रश्नाला तिची हनुवटी टेबलाला टेकायला आली होती. मी रांगत आत गेलो आणि टेबलाखाली बसून हाताने पायडल दाबायला लागलो. ताई उत्तर देत हळूहळू वर आली. तिने खाली पाहिलं नाही, फक्त चपलेने माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं. त्याचा अर्थ "शाबास" की "बस्स", हे न कळल्याने मी अर्धा तास दाबत राहिलो. समितीच्या अध्यक्षबाई मात्र सारख्या ताईच्या डोक्यावरून मागे बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, "मॅडम, मागे चौथ्या ओळीत काय लिहिलंय हो?" ताईने न वळता, घोगऱ्या आवाजात चौथी ओळ घडाघडा म्हणून दाखवली (बावीस वर्षं माझ्याशी संसार केलाय तिने). पुढच्या आठवड्यात अध्यक्षबाई दुकानात आल्या. दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. ताईची निवड झाल्याचं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं. तू तिला फोन केलास तेव्हा ती नुसती हसत होती, ते यामुळे.

आता मूळ रोगाकडे येतो. मुलाखतीनंतरच्या शनिवारी मातोश्री कोणालाही न विचारता उठल्या. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई ती. पांढऱ्या डब्यापासून निघालेली वायर बोटांत धरून भिंतीच्या कडेकडेने आतल्या खोलीत गेल्या. ती कपाटाच्या पायाखाली चेंगरलेली होती, त्यामुळे पलीकडे जेमतेम अकरा पोचत होते, आणि तिच्या टोकाला तुझा लाडका काळा डबा. दोन्ही डब्यांना एकच नाव, एकच पासवर्ड. त्या म्हणाल्या, "दोघी एकाच नावाने हाका मारतायत. तुमचे फोन आपले जुनीलाच ओ देतात. पाचशेवाली बसलीय बाहेर एकटी." त्यांनी काळ्या डब्याची वायर उपटली आणि मालिका लावली. सून कितीतरी दिवसांनी न अडखळता रडली. काटा चारशे सत्तर.

तेव्हा मेहुणेबुवा, शिडीवाला निर्दोष, भिंती निर्दोष, कंपनीही बरीचशी निर्दोष. दोष कोणाच्या सल्ल्याचा, हे सांगायला दुर्बीण नको. यापुढे सल्ला द्यायची उबळ आली तर पाणी पी आणि झोप.

तुझा,
दाजी

ता. क. – काळा डबा आतल्या खोलीत लावा, हा तुझा निरोप आज सकाळी पुन्हा वाचला. त्याखाली आणखी एक ओळ आहे: "पण त्याला वेगळं नाव द्या, नाहीतर फोन गोंधळतील." ती मी तेव्हा वाचली नव्हती. चष्मा दुकानात राहिला होता.

ता. ता. क. – ताई आणि मातोश्री रविवारी तुझ्याकडे येत आहेत. मातोश्रींना कुठलीही गोष्ट शेवटच्या टोकापर्यंत तपासायची सवय आहे, हे तू जाणतोसच. त्या पोचण्याआधी तो निरोप तुझ्या फोनमधून पुसून टाक. माझ्याकडचा मी पुसला आहे.

आणखी एक – पत्र मात्र फाडू नकोस. ताईला अवश्य वाचायला दे. सहीपर्यंतचंच. त्याखालचा मजकूर वेगळ्या कागदावर लिहिला आहे, तो याचसाठी.