तडा नसलेली बाहुली

प्रिय आत्या,

पार्सल मिळालं. तुझ्या संग्रहातली ती जुनी जर्मन बाहुली, बिनचकाकीच्या चिनी मातीच्या चेहऱ्याची, जिच्यापायी तू मला लहानपणी घरातून घालवलंस. "डोकं फोडलंस तिचं. आता बापाकडेच राहा," म्हणाली होतीस. फुटलेलं डोकं मात्र दाखवलं नव्हतंस.

चिनी मातीतल्या भेगा शोधणं हे आता माझं प्रयोगशाळेतलं काम आहे. पण काल, नवी बाहुली घेताना तू तपासायचीस तसाच, बाहुलीचा केसांचा टोप काढला आणि पोकळ डोक्यात छोटा दिवा सोडला. चेहरा एकसारखा उजळला. भेग नाही, जोड नाही. डोकं बदललंस म्हणावं, तर डाव्या कानाखाली भट्टीत पडलेला तोच काळा ठिपका आहे. मी त्याला तीळ म्हणायचे.

बाबांना फोन केला. म्हणाले, "अगं, मी न्यायला आलो तेव्हा तू घोरपडीसारखी चिकटली होतीस आत्याला. मग ती तुला आत घेऊन गेली. काय बोलली देव जाणे, तू तरातरा येऊन गाडीत बसलीस."

म्हणजे मी जावं म्हणून खोटं बोललीस? आणि मी इतकी वर्षं तुझ्याशी बोलणार नाही, तेही धरून चालली होतीस? बाहुलीला माझ्या शाळेच्या फ्रॉकचं झबलं शिवलंयस.

मला नीट राग येत नाहीये, आणि तो जातही नाहीये. बोडकी बाहुली टेबलावर बसून आहे. हे पत्र पाठवेन असं वाटत नाही. तुझा नंबर तोच आहे का, हे मात्र बाबांना विचारून ठेवलंय.

तुझी,
घोरपड